इंजिन अचानक बंद पडणे
चालत्या वाहनाचे इंजिन चालकाने बंद न करता थांबणे. पेट्रोल इंजिनाला इंधन, हवा आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. यांपैकी एक खंडित झाले की इंजिन थांबते. आचके न देता ते एकाएकी थांबल्यास दोष बहुधा इग्निशन कॉइल, रिले किंवा क्रँकशाफ्ट सेन्सर यांत असतो. तापल्यावर निकामी झालेला सेन्सर थंड होताच पुन्हा चालूही लागतो. आधी आचके बसल्यास इंधनपंप व फिल्टर तपासतात. केवळ सिग्नलला थांबताना बंद पडल्यास थ्रॉटल बॉडीतील काजळी पाहतात. इंजिन थांबल्यावर ब्रेक जड होतो. म्हणून तो वारंवार न सोडता सलग दाबून वाहन कडेला घेतात. साचलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरात पाणी असल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.