पडद्यामागून पाहिलेलं उद्याचं जग

२०११ साली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने विज्ञानकथांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवलं होतं. आता मी काही लंडनला गेले नव्हते. पण आपल्या गावच्या वाचनालयात असं एखादं कपाट लावायचं ठरलं, तर पहिलं पुस्तक कुठलं ठेवायचं, ते माझं ठरलेलं आहे.

विज्ञानकथा म्हटलं की पुरुषांची नावं पुढे येतात. खरं तर १८१८ मध्ये लंडनला छापलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मेरी शेली या तरुण बाईने लिहिली होती, आणि पहिल्या आवृत्तीवर तिचं नावच नव्हतं! पण माझ्या कपाटात पहिली जागा रुकैया सखावत हुसेन यांची.

रुकैयांचा जन्म १८८० चा, बंगालमधल्या रंगपूरजवळच्या पैराबंद गावचा. घर जमीनदाराचं, पण पडदा असा की पाच वर्षांच्या पोरीने परक्या बायांसमोरसुद्धा यायचं नाही. शाळेचं तर नावच नको. रात्री घर झोपलं की मोठा भाऊ मेणबत्तीच्या उजेडात तिला इंग्रजी शिकवायचा. बांगला शिकताना थोरल्या बहिणीचा आधार होता.

लग्न होऊन त्या भागलपूरला आल्या. एकदा पती दौऱ्यावर गेले असताना त्यांनी वेळ घालवायला म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाचं स्वप्न’. १९०५ साली ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. ते मासिकही बायकांचं, आणि संपादक कमला सत्यनाथन, म्हणजे बाईच.

या गोष्टीतल्या देशात बाया कारभार करतात आणि पुरुष मर्दान्यात बसतात. पुरुषांना असं कोंडून ठेवणं मला काही पटत नाही. पण कोंडणं कसं वाटतं, हे त्यांना दुसऱ्या कशाने कळलं असतं?

मला जास्त आवडतं ते तिथलं स्वयंपाकघर. धूर नाही, कोळसा नाही. उन्हाची उष्णता साठवून नळीने चुलीपर्यंत आणलेली. बायांच्या एका विद्यापीठाने नळ्या लावलेला मोठा फुगा ढगांपर्यंत सोडलाय आणि हवं तेवढं पाणी तिथूनच काढतात. डोक्यावर हंडा नाही. चुलीपुढे डोळे चोळलेल्या आणि टँकरची वाट पाहिलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कामाला रोज दोन तास पुरतात. पुरुषांना का पुरत नव्हते? तर एक चिरूट ओढायला अर्धा तास, दिवसाला बारा, म्हणजे सहा तास धुरातच गेले. हा हिशेब गोष्टीतलाच आहे, माझा नाही!

त्या देशात २१ वर्षांच्या आत मुलीचं लग्न करता येत नाही. १९०५ साली आपल्या देशात मुलीच्या लग्नाला वयाची सरसकट कायदेशीर अट नव्हती. ती आली १९२९ च्या शारदा कायद्याने, आणि तीसुद्धा फक्त १४ वर्षांची. १८ वर्षं व्हायला १९७८ उजाडलं.

१९०९ मध्ये पती वारले. रुकैयांनी भागलपुरात पाच मुलींना घेऊन शाळा काढली, पण तिथे टिकू शकल्या नाहीत. मग १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा सुरुवात केली. मुली मिळवायला घरोघर जाऊन आईबापांची समजूत काढावी लागे. ती शाळा आजही चालू आहे.

आमच्या गटात एक काकू म्हणाल्या, “अगं, गोष्टीने काय होतंय?” मी काही बोलले नाही. शनिवारी बचत गोळा झाली की बैठकीत ही गोष्ट वाचणार आहोत. काकूंना मी पुढेच बसवणार आहे.