वीस पवनचक्क्या, साडेआठ हजार मालक

कोपनहेगनला विमान उतरायला लागलं की खिडकीतून समुद्रात कमानीसारख्या उभ्या असलेल्या वीस पवनचक्क्या दिसतात. ट्रान्झिटमध्ये तुमच्यापैकी काहींनी फोटोही काढला असेल. हे मिडलग्रुन्डेन. फोटोत एक गोष्ट कळत नाही: यातल्या दहा चक्क्या साडेआठ हजारांहून जास्त सामान्य माणसांनी मिळून विकत घेतल्या. उरलेल्या दहा शहराच्या महापालिकेच्या वीज कंपनीने उभारल्या.

हे जमलं कसं? त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर चालायची. सरकार अणुवीजेचा विचार करत होतं, लोकांचा विरोध होता, आणि १९८५ मध्ये संसदेने तो पर्याय बाद केला. दरम्यान गावोगावी वेगळंच काहीतरी चाललं होतं. शेजारीपाजारी पैसे जमवून एकत्र एक पवनचक्की घ्यायचे. सुरुवातीच्या काळात नियम असा होता की शेअर घ्यायचा तर चक्कीच्या आसपास राहायला हवं. म्हणजे जिच्या पात्यांचा आवाज कानावर येणार, तिची वीजही आपलीच.

१९९६ पासून हीच पद्धत राजधानीच्या समुद्रात आणायची तयारी सुरू झाली. जागा होती बंदराबाहेरचा एक उथळ पट्टा, जिथे शहराने पिढ्यान्‌पिढ्या बंदरातला गाळ आणि कचरा टाकला होता. पहिल्या आराखड्यात २७ चक्क्या तीन रांगांत होत्या. जनसुनावणीत लोकांनी हरकती घेतल्या: शहरासमोरचं दृश्य बिघडेल, आवाज होईल, गाळातले विषारी धातू ढवळले जातील. मग आराखडा बदलला. चक्क्या २० झाल्या आणि तीन रांगांची एक कमान झाली. आवाजाची धास्ती असलेल्यांना जमिनीवरची एक आधुनिक चक्की प्रत्यक्ष दाखवायला नेलं. परवानगी मिळायला १९९९ चा डिसेंबर उजाडला. उभारणी मात्र पुढच्या वर्षभरात उरकली.

आता पैशांचं. एक शेअर म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज, किंमत ४,२५० क्रोनर. असे ४०,५०० शेअर विकले गेले. सभासद अडचणीत येऊ नयेत म्हणून संस्थेला कर्ज काढायला मनाई होती. एकूण क्षमता ४० मेगावॉट. समुद्रातला तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा प्रकल्प.

सगळं गुलाबी नव्हतं. ४,२५० क्रोनर बाजूला काढणं प्रत्येकाला जमत नाही. ज्याच्याकडे बचत नाही, तो सहकारी संस्थेत मालक होत नाही. म्हणून महापालिकेचा अर्धा वाटा महत्त्वाचा होता: शेअर न घेणारा कोपनहेगनकरही शहराचा नागरिक म्हणून त्यात होता.

ही गोष्ट मराठी माणसाला थोडी टोचायला हवी. कारण सहकार आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून साखर कारखाना उभा केला होता, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा त्यामागे वेगळं गणित होतं. चक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून कर वाचवता यायचा. त्यामुळे पैसा आला तो दूरच्या कंपन्यांचा आणि गुंतवणूकदारांचा. साखर कारखान्यात शेतकरी सभासद होता. पठारावर तो फार तर जमीन विकणारा किंवा चक्कीवरचा वॉचमन. वारा तोच, सह्याद्री तोच, फक्त सभासदाचं पुस्तक कोणी उघडलं नाही.

तुम्ही आज स्कॉटलंडमध्ये, टेक्सासमध्ये किंवा आणखी कुठे राहत असाल, तर तुमच्या भागातही असा प्रकल्प येऊ शकतो. गावाला निधी, शाळेला देणगी, वीजबिलात सूट अशी यादी वाचायला मिळेल. ती जरूर वाचा. पण सुनावणीला जाऊन आधी दोन गोष्टी विचारा: मालक कोण, आणि नकाशा अजून बदलता येतो का? कोपनहेगनकरांनी विचारलं तेव्हा तो बदलता येत होता.