घराच्या डागडुजीचा अजमास

मागे आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जमागणीचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं ‘घरदुरुस्ती’ आणि रक्कम ८०,०००. कशाला किती लागणार, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, “मिस्त्री म्हणाला ऐंशी लागतील.” घर त्यांचं, कर्ज त्या फेडणार, आणि आकडा मिस्त्रीचा. आम्ही सगळ्या गप्प बसलो, कारण आमच्यापैकी बहुतेकींच्या घराचा आकडा असाच कुणीतरी दुसऱ्यानं सांगितलेला होता. हे असं कधीपासून झालं, ते आज थोडं मागं जाऊन बघू. मग आम्ही मोबाइलवर काय केलं तेही सांगतो.

आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव २०२४ मध्ये दिलं गेलं, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ चा. त्यांनी बांधलेली आणि दुरुस्त केलेली देवळं, घाट, विहिरी आपण ऐकून आहोत: काशी, सोमनाथ, गया, महेश्वर. पण त्या बांधकामांचा पैसा कुठून आला, हे आपण क्वचित विचारतो. होळकरांकडं दोन वेगळे हिशेब होते. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, आणि खासगीचा. खासगीची जहागीर १७३४ मध्ये अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावानं मिळाली होती आणि ती घरातल्या बायकांच्या ताब्यात राहायची. दानधर्म आणि बांधकामं अहिल्याबाईंनी मुख्यतः या खासगीतून केली. म्हणजे कुठं काय बांधायचं हे त्या ठरवू शकल्या, कारण त्या कामाची वही त्यांच्या हातात होती. जीर्णोद्धार हा मोठा शब्द आहे, पण त्याचा साधा अर्थ मोडकळीला आलेलं पुन्हा नीट करणं. डागडुजीच ती.

आपल्या आज्यांकडं कसली जहागीर नव्हती. पण घराची डागडुजी मात्र त्यांच्याच हातात होती. आपल्याकडच्या सपाट भागातली जुनी घरं माळवदाची: दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून ती दाबून बसवायची, नाहीतर मृगाचा पहिलाच पाऊस घरात. अकोले तालुक्याच्या डोंगराकडं कारवीच्या कुडाच्या भिंती. त्या शेणामातीनं लिंपायच्या. जमिनीचं सारवण तर वर्षभर चालूच. पाट्या वाहणं, माती कालवणं, लिंपणं ही बहुतेक बायकांची कामं. कोणत्या भिंतीला ओल येते, माळवद कुठल्या कोपऱ्यात गळतं आणि तिथं किती पाट्या माती लागेल, हे त्यांना न मोजता माहीत असायचं. ‘अजमासानं’ असं त्या म्हणायच्या. हा शब्द जुन्या सरकारी हिशेबातलाही आहे. अंदाजानं काढलेला आकडा म्हणजे अजमास.

पैसा लागत नव्हता म्हणून ते काम कुठल्या वहीत लिहिलं गेलं नाही. इथंच मेख आहे, असं आम्हाला वाटतं.

पुढं पत्रा आला, सिमेंट आलं, स्लॅब आला. आम्ही सिमेंटला नावं ठेवत नाही. गळक्या छपराखाली रात्री भांडी लावून बसलेल्या बाईला स्लॅबचं मोल विचारा. पण माती गावातली होती आणि सिमेंटची गोणी दुकानातली. डागडुजी रोख पैशाची झाली तसा हिशेब दुकानदार, मिस्त्री आणि घरातला पुरुष यांच्यात होऊ लागला. बाईचे कष्ट तेच राहिले: विटांवर पाणी मारायचं, राडारोडा उचलायचा, मिस्त्रीचा चहा करायचा.

गंमत बघा, बांधकामाचं माप बायकांना नवीन नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसल्या होत्या. खडी ब्रासवर मोजली जायची आणि त्यावर मजुरी ठरायची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दिवसभर घण मारून ढीग किती भरला, यावर घरातली भाकरी ठरत होती, म्हणून ब्रास त्यांना नेमका कळायचा. तोच शब्द घरच्या बांधकामात आला तेव्हा मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

हिशेबाची वही आपल्या हातात परत आली ती बचत गटामुळं. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, आणि २०११ मध्ये राज्यात उमेद अभियान आलं. जमा, कर्ज, व्याज, दंड हे सगळं लिहायला आपण शिकलो. अंगठा लावणाऱ्या बाया खातेवही तपासायला लागल्या. पण गटाची वही झालेला व्यवहार लिहिते. घरदुरुस्तीत गरज असते ती काम सुरू होण्याआधीच्या हिशेबाची, आणि तो सारखा बदलतो. सिमेंटचा दर बदलला की सगळी बेरीज खोडून नव्यानं करायची.

अगदी याच खोडाखोडीनं अमेरिकेत एक विद्यार्थी वैतागला होता. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हार्वर्डला शिकत होता. शिक्षक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडायचे आणि एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. त्याला वाटलं, हा फळा स्वतःच बेरीज बदलेल असा करता आला तर? मित्र बॉब फ्रँकस्टन याच्यासोबत त्यानं १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा प्रोग्रॅम आणला. पुढं १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आलं, २००६ मध्ये ‘गूगल शीट्स’. बड्या कंपन्यांचं बजेट ज्या रकान्यांत बसतं तेच रकाने आज आपल्या फोनवर फुकट मिळतात, आणि त्यात मराठीत लिहिता येतं.

घरकुलाच्या योजनाही संगणकावर गेल्या आहेत. इंदिरा आवास योजनेसाठी २०१० मध्ये ‘आवाससॉफ्ट’ आलं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत काम कुठवर आलं त्याचा जागेसह फोटो मोबाइलवरून चढवतात आणि त्यानुसार हप्ता थेट खात्यात येतो. सपाट भागातल्या घरासाठी केंद्राच्या योजनेत १,२०,००० रुपये ठरले, घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे, हे चांगलंच. पण ते सॉफ्टवेअर सरकारचा पैसा मोजतं. त्या पैशात आपल्या गावच्या दरानं घर कुठपर्यंत येईल आणि वरचे किती आपल्याला घालावे लागतील, हे ते सांगत नाही. ते आपलं आपणच काढावं लागतं.

म्हणून आम्ही त्या ताईंच्या घरी मोजपट्टी घेऊन गेलो. खोली १० बाय १२, उंची १० फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १२ गेले. गिलावा ४०७ चौरस फूट. जमीन १२० चौरस फूट. दोन बाय दोनच्या ३० फरशा, तुटफुटीसाठी ३ जादा. शीटमध्ये पाच रकाने केले: काम, माप, एकक, दर, रक्कम. दर तीन दुकानांत विचारून भरले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं गुणाकाराचं सूत्र घातलं आणि बेरीज आली.

ती इतकी मोठी आली की ताई उठूनच उभ्या राहिल्या.

चूक आमची होती. गिलाव्याचं क्षेत्र चार ब्रासच्या वर येतं, कारण तिथं ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. आम्ही वाळूच्या रांगेतही तेच चार टाकलं. वाळूचा ब्रास शंभर घनफुटांचा! अर्धा इंच जाडीच्या एवढ्या गिलाव्याला वाळू पाव ब्रासच्या आतच लागते आणि सिमेंट चार-पाच गोण्या. शीटनं चुकीचा गुणाकारही तितक्याच झटकन करून दिला होता. खडी फोडलेल्या एका आजींनी ती चूक पकडली. “चार ब्रास? अगं, ट्रॅक्टरच्या खेपा येतील दारात,” त्या म्हणाल्या.

दुरुस्त केल्यावर बेरीज ५८,००० झाली. आम्ही खूश. मग मिस्त्रींनाच बसवून शीट दाखवली, तेव्हा विसरलेल्या रांगा निघाल्या: जुने पत्रे उतरवण्याची मजुरी, पत्र्याचे हूक, माल आणायचं भाडं, गिलाव्याआधी भिंतीत घालायचे वायरिंगचे पाईप. ७४,००० झाले. म्हणजे मिस्त्रींचा ८० चा अजमास खोटा नव्हता, हे सांगायलाच हवं. पण ८० हा एकच आकडा होता तेव्हा ताईंना हो किंवा नाही एवढंच म्हणता येत होतं. रांगा समोर आल्यावर त्यांनी फरशी दिवाळीनंतरवर ढकलली, छप्पर आणि गिलावा आधी घेतला, आणि कर्जाची रक्कम खाली आणली. आता घरदुरुस्तीच्या अर्जासोबत अशी शीट जोडायची, असा ठराव गटानं केला आहे. मोबाइल नसेल तर वहीच्या पानावर, रकाने तेच.

राडारोडा वाहायला आणि भिंतींवर पाणी मारायला ताई आणि त्यांची लेक आठ दिवस राबल्या. त्या मजुरीचीही एक रांग आम्ही टाकली. पैसे द्यायचे म्हणून नव्हे, दिसावं म्हणून. ते बघून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “माळवदावर माती मी चाळीस वर्षं टाकली, तीपण लिहा की.” रांग टाकली आहे. दराचा रकाना अजून रिकामा आहे.