एक नाव, चार आनंदीबाई

स्मरणिकेसाठी जुने हजेरीपट चाळताना मुलांचा पत्ता लागतो. मुलींचा लागत नाही. लग्नानंतर आडनाव तर बदललेच, पण काहींचे पाळण्यातले नावही गेले. ही रीत किती जुनी आहे, आणि दिलेल्या नावाचे बायकांनी काय केले, हे पाहायला 'आनंदीबाई' हे एकच नाव पुरेसे आहे.

पहिल्या आनंदीबाई राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी, दुसऱ्या बाजीरावांच्या आई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना ठार केले. पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, अशी कथा आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याचा भक्कम पुरावा नाही. तरी 'ध चा मा' मराठीत कायमचा राहिला आणि त्याबरोबर या बाईंवरचा ठपकाही.

दुसऱ्या आनंदीबाई माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या.

तिसऱ्या, माहेरच्या गोदूबाई जोशी. बालपणीच वैधव्य आले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. १८९३ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. या विवाहापायी मुरुडकरांनी दोघांना वाळीत टाकले. पुढे कर्व्यांच्या संस्थेसाठी बायांनी वर्गणी मागत पायपीट केली आणि 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले.

चौथ्या आनंदीबाई शिर्के. मराठीतल्या आरंभीच्या कथालेखिकांपैकी एक. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'सांजवात'.

राजकारण, वैद्यक, समाजकार्य, साहित्य अशी ही चार क्षेत्रे. एकीच्या नावाशी दंतकथा चिकटली. दुसरीचे नाव पाठ्यपुस्तकात गेले. शेवटच्या दोघींनी मात्र स्वतःची हकीकत स्वतः लिहून ठेवली, म्हणून त्या आपल्याला त्यांच्याच शब्दांत भेटतात. पेशवीणबाईंना तशी संधी मिळाली असती, तर 'ध चा मा'ची त्यांची बाजूही आज आपल्यासमोर असती.

आपल्या वर्गातल्या मुलींचेही तसेच आहे. कुणी परिचारिका झाली, कुणी शिक्षिका, कुणी शेती सांभाळली, कुणी दुकान. त्यांची शाळेतली ओळख नव्या नावाखाली हरवू नये. म्हणून मैत्रिणींना एकच विनंती आहे: पत्त्यांच्या यादीत सासरच्या नावाबरोबर हजेरीपटावरचे नावही लिहा. आणि जमल्यास खाली दोन ओळी स्वतःबद्दल, स्वतःच्या हाताने लिहा.