दोन हिरव्यांमधला भेद

कर्जत-खालापूरकडे पावसाळा सरून भिंतींची ओल वाळली, की घर रंगवण्याचे बेत सुरू होतात. दुकानातल्या शेडकार्डावर पोपटी आणि शेवाळी यांच्या मधल्या दोन हिरव्या चौकटी शेजारीशेजारी असतात. त्यांतली एक निवडणे ही केवळ रुचीची बाब वाटते. पण दिसायला सारखे असलेले दोन हिरवे द्रव्य म्हणून अगदी निराळे असू शकतात, असे रंगांचा इतिहास सांगतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी हिरवी माती वापरली. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत हे खनिज आढळते. कर्जतजवळची कोंडाणे लेणी ज्यात कोरली तो कातळही त्याच जातीचा. हा हिरवा मंद, किंचित राखाडी. पण ऊन आणि चुना दोन्ही सोसणारा. लघुचित्रांतला हिरवा पुष्कळदा नीळ आणि हरताळ यांच्या मिश्रणाचा असे. तो अधिक उजळ. मात्र हरताळ उजेडाने फिकटतो, आणि मुळात ते आर्सेनिक व गंधक यांचे संयुग आहे. पोथीतले चुकलेले अक्षर त्याचा लेप देऊन झाकत; ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच.

१७७५ मध्ये स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने तांबे व आर्सेनिक यांपासून झळझळीत हिरवा रंग सिद्ध केला. युरोपातल्या दिवाणखान्यांचे भिंतकागद त्याने रंगले. दमट भिंतीवर बुरशी धरली, की अशा रंगातून विषारी वायू सुटतो, हे इटलीच्या गोसिओने १८९० च्या दशकात दाखवले. ज्यांच्या भिंती चार महिने ओल धरतात, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्यानंतरचा ‘क्रोम ग्रीन’ म्हणजे प्रशियन निळा आणि शिशाचे पिवळे क्रोमेट यांचे मिश्रण. १९३० च्या दशकात थॅलोसायनिन हिरवा आला. त्यात शिसे नाही. भारतात मात्र घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधी ऑइलपेंट दिलेल्या कित्येक दारा-खिडक्यांवर जुने शिसे असू शकते. ती कोरडी घासली, तर शिशाची धूळ घरभर पसरते आणि तिचा धोका लहान मुलांना सर्वाधिक. म्हणून जुना थर ओला करून घासावा, मुलांना त्या वेळी दूर ठेवावे आणि नव्या डब्यावरची शिशाविषयीची नोंद वाचावी. मग पोपटीकडे झुकणारा घ्यायचा की शेवाळीकडे, हे खोलीतल्या उजेडावर सोपवता येते.