परळीचा मुक्काम कुठे गेला?

हॉटेल बुकिंगचं ॲप बाजूला ठेवा, आज आपण अठराव्या शतकात जाऊ. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. तेव्हाचा यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीने यायचा, म्हणजे मुक्काम ठरलेलाच. राहायला धर्मशाळा, नाहीतर तीर्थोपाध्यायांचं घर. ठरलेलं भाडं नाही. ज्याची जशी ऐपत, तशी दक्षिणा. तोही हॉस्पिटॅलिटीचा धंदाच होता, फक्त रेटकार्ड नव्हतं.

आता लोक गाडी करतात आणि औंढा नागनाथ, परळी एका दिवसात उरकतात. गावाच्या वाट्याला काय? नारळ, पेढे, एखादा चहा. रात्रीचा पैसा दुसऱ्या शहरात जातो.

आणि रेल्वे? परळीत ती निजामाच्या काळापासून आहे. पण जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीडला पहिली प्रवासी गाडी मिळाली १७ सप्टेंबर २०२५ला! अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली. माझ्यापेक्षा वयाने मोठा प्रोजेक्ट आहे हा. गंमत बघा, एका टोकाला अहिल्याबाईंचं नाव, दुसऱ्या टोकाला त्यांनी सावरलेलं मंदिर.

मार्ग पूर्ण झाला की परळीत गर्दी वाढेल, पण लोक येतील तितक्याच लवकर परतही जातील. मला विचाराल तर उत्तर २५ किलोमीटरवर आहे: अंबाजोगाई. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी. परळीला जोडून हे नीट बघायचं, तर एक रात्र राहावंच लागतं.