कागदावर न जळणारी भिंत

लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातला ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ च्या पहाटे पेटला. २४ मजले, ६७ मीटर उंची आणि खाली उतरायला एकच जिना. ७२ माणसं गेली. या आगीची हकीकत बहुधा मध्यरात्रीच्या फोनपासून सांगतात. माझ्या मते ती तीन वर्षं आधीपासून सांगायला हवी, कारण त्या रात्री अग्निशमन दलाच्या जवानांसमोर जी भिंत होती, तिच्यावर बसलेल्या मालाबद्दलचं खोटं आधीच छापून झालं होतं.

फेब्रुवारी २०१४

सेलोटेक्स या कंपनीने आपला उष्णतारोधक फोम ‘बीआरई’कडे चाचणीसाठी नेला. बीआरई ही इमारतींवर संशोधन करणारी ब्रिटिश संस्था एकेकाळी सरकारी होती, १९९७ पासून खासगी. फोम होता पॉलिआयसोसायन्युरेटचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्याच कुळातला. इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच इमारतीच्या बाह्य भिंतीत उष्णतारोधक घालायचं तर ते जवळजवळ न जळणारं हवं, असा तेव्हा मार्गदर्शक नियम होता. फोम तर जळतो. मग दुसरी वाट उरत होती: आवरण, पोकळी आणि फोम यांसह अख्खी भिंत उभारायची, खाली लाकडाची मोळी पेटवायची आणि वरच्या तापमापकांवर लक्ष ठेवायचं. ठरलेल्या वेळेच्या आत ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं की नापास.

सेलोटेक्सची भिंत नापास झाली.

२ मे २०१४

पुन्हा चाचणी. या वेळी भिंतीत एक नवी वस्तू होती: आगीला दाद न देणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड. तेही कुठेही नाही, नेमक्या मोक्याच्या जागी. त्या जागी बाहेरचे पॅनेल मुद्दाम पातळ घेतले, म्हणजे दर्शनी बाजूला फरक दिसू नये. भिंत पास झाली आणि बीआरईच्या अहवालात त्या बोर्डांचा उल्लेखसुद्धा आला नाही. पुढे आगीच्या चौकशी समितीने याला कंपनीची अप्रामाणिक योजना म्हटलं आणि बीआरईचीही त्यात साथ होती, असा निष्कर्ष काढला.

त्याच वर्षी हा फोम ‘आरएस ५०००’ या नव्या नावाने बाजारात आला. जाहिरातीत ठळकपणे सांगितलं होतं की १८ मीटरच्या वरच्या इमारतींना चालतो.

इथे थोडं थांबायला हवं. बोर्डांची लबाडी क्षणभर बाजूला ठेवली, तरी तो निकाल फक्त चाचणीत उभारलेल्या भिंतीपुरता होता. त्या भिंतीचं बाहेरचं आवरण होतं सिमेंटच्या तंतुमय पॅनेलचं, न जळणारं. आवरण बदललं की निकाल लागू नाही. फोमच्या बाबतीत हे सगळीकडेच खरं आहे. अमेरिकेत घरांमध्ये फवारून बसवतात त्या फोमला नियमाप्रमाणे आतल्या बाजूने अर्धा इंची जिप्सम बोर्डाचं किंवा तेवढ्याच तोलाचं कवच लागतं. फोम एकटा सुरक्षित नसतो. त्याच्यापुढे काय आहे यावर सगळं ठरतं. विकणारा मात्र दाखला फोमच्या नावावर दाखवतो आणि घेणाराही तसाच वाचतो.

२०१४ ते जुलै २०१६

ग्रेनफेलचं नूतनीकरण. १९७४ ची काँक्रीटची इमारत, थंडीत घरं उबदार राहावीत म्हणून बाहेरून फोमने मढवायची ठरली. फोम बहुतेक आरएस ५००० आणि थोडा किंगस्पॅन कंपनीचा के-१५. आवरण आधी जस्ताचं ठरलं होतं, पण खर्च वाचवायला ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल आले. दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिलीन, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेलं प्लॅस्टिक. बचत सुमारे ३ लाख पौंड.

या पॅनेलचा धोकाही आधीच दिसला होता. २००१ मध्ये सरकारच्याच सांगण्यावरून झालेल्या चाचणीत असलं आवरण भडकून जळलं होतं. निकाल जाहीर केला नाही. उत्पादक आर्कोनिककडे २००४ पासून स्वतःच्या पॅनेलची वाईट चाचणी होती. ग्रेनफेलवर लागली त्याच घडीच्या, डब्यासारख्या दुमडलेल्या पॅनेलची. तरी २००८ मध्ये त्याला चांगला दर्जा सांगणारं प्रमाणपत्र मिळालं.

जुलै २०१६ मध्ये पालिकेच्या इमारत नियंत्रण विभागाने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला. कागदावर सगळं जागच्या जागी.

१४ जून २०१७, रात्री १२.५४

चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग. घरातल्या माणसाने लगेच ९९९ ला फोन केला. पाच मिनिटांत पहिला बंब दारात.

१.०७

जवान घरात शिरले. स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा १.१४ झाले होते. पण आग त्याआधीच, १.०९ च्या सुमारास, खिडकीपाशी बाहेर पडून आवरणाला लागली होती. नव्या प्लॅस्टिकच्या खिडक्या उष्णतेने वाकल्या आणि फटीतून वाट मिळाली. जवानांनी आतली आग विझवली. रोजच्यासारखी एका खोलीतली आग असती, तर काम तिथेच संपलं असतं.

१.२७

ज्वाळा छतापर्यंत. वीसेक मिनिटांत एकोणीस मजले. पॅनेलमधलं पॉलिथिलीन वितळून थेंबाथेंबाने खाली गळत होतं आणि खालचे मजले पेटवत होतं. मागचा फोम उष्णता कोंडून ठेवत होता आणि स्वतःही जळत होता. मुख्य दोष पॅनेलचा, फोमने भर घातली, असं चौकशीने म्हटलं आहे. फोमचा मला वाटणारा धोका आणखी एक आहे. त्यात नायट्रोजन असतो. तो जळला की धुरात हायड्रोजन सायनाइड मिसळतं.

१.३१

त्या रात्री इमारतीत असलेल्या २९७ जणांपैकी ११० बाहेर आले होते. इतर बहुतेक घरातच, कारण त्यांना ‘घरातच थांबा’ असं सांगितलं जात होतं. सूचना मूर्खपणाची नव्हती. प्रत्येक फ्लॅट म्हणजे काँक्रीटची बंद पेटी, शेजारची आग तिथे तासभर तरी पोहोचत नाही, एकच जिना जवानांसाठी मोकळा राहतो: उंच इमारतींतली सारी व्यवस्था या गृहीतकावर उभी होती. बाहेरच्या भिंतीने ते गृहीतक मोडलं. आग दारातून येत नव्हती, प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून येत होती.

१.५०

१६८ बाहेर. यानंतर सुटकेचा वेग मंदावला. जिन्यात दाट, काळा धूर.

२.३५

फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षाने सल्ला बदलला: कसंही करून बाहेर पडा. घटनास्थळी तोच निर्णय २.४७ ला झाला. भिंत पेटल्यापासून दीड तासाहून जास्त वेळ गेला होता. हा उशीर अग्निशमन दलाच्या नेतृत्वाचा, आणि चौकशीने तो सोडलेला नाही. पण वर चढत राहिलेल्या जवानांना कुणीही सांगितलं नव्हतं की ही भिंत जळणारी आहे.

४.०२

उत्तरेकडून आणि पूर्वेकडून पसरलेल्या ज्वाळा पश्चिम बाजूला नैर्ऋत्य कोपऱ्याजवळ एकमेकींना मिळाल्या. इमारतीला आगीचा पूर्ण वेढा.

सकाळी ८.०७

शेवटचा जिवंत माणूस बाहेर आणला गेला.

त्यानंतर

काही दिवसांतच सेलोटेक्सने १८ मीटरवरच्या इमारतींसाठी आरएस ५००० देणं थांबवलं. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडने उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतीत जळणारा माल घालायला बंदी केली. किंगस्पॅनने के-१५ च्या २००५ मधल्या चाचणीचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये मागे घेतला. त्या चाचणीनंतर लवकरच फोमची घडण बदलली होती आणि तरी जुन्याच अहवालावर नवा माल वर्षानुवर्षं विकला जात होता.

४ सप्टेंबर २०२४ ला न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल आला. माल बनवणाऱ्यांचा पद्धतशीर अप्रामाणिकपणा, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची ढिलाई, सरकारने वर्षानुवर्षं न ऐकलेले इशारे, सारं त्यात नोंदलं आहे. प्रत्येक मृत्यू टळू शकला असता, असंही मूर-बिक यांनी म्हटलं. शिफारशी बऱ्याच आहेत. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी: बांधकामासाठी एकच नियामक असावा, उत्पादकाने त्याच्यापुढे मालाच्या चाचण्यांचा संपूर्ण इतिहास ठेवावा, आणि ज्यांच्या बळावर प्रमाणपत्र दिलं त्या सगळ्या चाचण्यांचे निकाल त्या प्रमाणपत्रातच जोडलेले असावेत.